बन्सीचा चिमटा

पोपटरावांच्या रानात बन्सीने चिमटा ज्वारीच्या ताटाला लावला, दांडा दाबला आणि ताट बुडातून कटकन मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. बांधावरची माणसं हसायला लागली. पोपटराव मात्र हसले नाहीत. दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती आणि कडब्याची काडीन् काडी लोक जपत होते.

"बन्सी, ताट मुळासकट यायला पायजे. तोडायचंच आसतं तर इळे काय कमी हायेत माझ्याकडं?" ते म्हणाले. "उचल ते, आन् हातानं उपटणारी माणसं धाडून दे."

हाताने उपटणाऱ्यांत बन्सीची बायको भागुबाई होतीच. मागच्या सुगीत तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. भाकरी थापताना ती तोंड फिरवून डोळे पुसायची. ते बघूनच बन्सीच्या डोक्यात हे खूळ शिरलं. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव ठोकून त्याने घरीच एक चिमटा केला. ताट बुडाशी धरायचं, लांब दांडा दाबायचा, की मूळ मातीसकट वर. बेंगरूळ होता, पण चालायचा. असाच एखादा नीट घडवून घेतला तर मांडवगणातल्या सगळ्या बायांचे हात वाचतील, असं त्याला वाटलं. वाटण्यात वाईट काही नव्हतं. फक्त त्यासाठी दौंड गाठायला हवं होतं आणि शेळ्या विकायला हव्या होत्या. शेळ्या भागुबाईच्या होत्या. तिने दावी सोडून दिली.

दौंडला स्टेशनमागे मारुतरावांचं वेल्डिंगचं दुकान होतं. शहरगावचा माणूस आपल्या कामाला हसू नये म्हणून निघण्याआधी बन्सीने चिमटा राखेने घासला. जबड्याला भागुबाईने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती कळकट दिसते म्हणून सोडली. मग त्याच पट्टीने चिमटा कॅरियरला बांधला, सायकल होडीत घातली आणि नदीपार झाला.

मारुतरावांनी हुबेहूब तसाच, पण झळझळीत चिमटा करून दिला आणि नमुना भंगारात टाकला. नवा चिमटा ताटावरून घसरायला लागला. बन्सी पुन्हा गेला, तेव्हा त्यांनी जबड्याला दात पाडून दिले. त्याच दातांनी पोपटरावांच्या रानात त्याची शोभा केली. पुढच्या खेपेला मग तो भांडायच्याच तयारीने गेला. माझा घरचा चालत होता, तुमचाच का चालत नाही, असं त्याने विचारलं.

"तुमी दावलं तसं म्या केलं," मारुतराव काळा चष्मा कपाळावर सारून म्हणाले. "लोखंड माझं, डोकं तुमचं. आता कुठं चुकलं ते तुमीच बघा."

दात घासून त्यांनी जबडा पुन्हा गुळगुळीत केला आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. त्यात शेवटची गाभण शेळी गेली.

बन्सीच्या खेपांसाठी सुगी काही थांबली नव्हती. पोपटरावांचं रान उपटून झालं होतं आणि घरच्या तुकड्यातला एक कोपरा तेवढा उरला होता. हाताला चिंध्या बांधून भागुबाई तिथे वाकली होती. बन्सीने सायकल बांधाला टेकवली, चिमटा सोडून ढेकळांत फेकला आणि हे आता विहिरीत टाकतो म्हणाला.

"लावून तर बघू," म्हणत तिने तो उचलला. ताट जबड्यात सारलं, दांडा दाबला. चिमटा घसरला आणि तिचं बोट जबड्यात सापडलं.

"माझी पट्टी कुठंय?" बोट झटकत तिने विचारलं. "बोट सापडतं म्हून तर बांधली व्हती."

पट्टी कॅरियरलाच लोंबत होती. तिने ती आणली, जबड्याला गुंडाळली आणि पुन्हा दांडा दाबला. ताट मुळासकट, माती झाडत वर आलं. तिने दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. रबराने ताट धरून ठेवलं होतं आणि एक काडी मोडली नव्हती. ती पट्टी आपल्या बोटासाठीच आहे, असं तीही आजवर समजत होती.

बन्सी ढेकळांत बसला. शेळ्या गेल्या, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"परत्येक खेपंला पट्टी दौंड बघून आली," भागुबाई म्हणाली. "मी मातुर आजून बघितलं न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते बन्सीला जास्तच लागलं. तो उठला आणि तिच्या हातातून चिमटा घेतला. उरलेला कोपरा त्याने एकट्याने उपटला. भागुबाई चिंध्या सोडून, उघडे हात मांडीवर ठेवून बांधावर बसली होती. लग्न झाल्यापासून भर सुगीत ती अशी बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती.