ऑनोरेचा ठोका

मी बोलतोय, न्यू ऑर्लिन्सच्या ऑनोरेचा ड्रम. गळ्यात अडकवायचा, चालता चालता वाजवायचा. वर वासराचं कातडं, पोटाखाली ताणलेल्या तारा. त्या तारांमुळेच माझा आवाज ताशासारखा कडकडीत. मी कडाडलो की तीन गल्ल्यांपलीकडचे लंगडे काठ्या टाकून नाचायचे. एकानं तर नंतर काठी शोधलीसुद्धा नाही. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे.

एका फौजी बँडच्या मोडीतून ऑनोरेनं मला उचललं. दिवसभर तो धक्क्यावर कापसाचे गठ्ठे वाहायचा आणि संध्याकाळी मला घेऊन नाचघर गाठायचा. माझा मुक्काम मात्र कोंबड्यांच्या खुराड्यात. कारण त्याची आई, फिलोमेनबाई. चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून गाणारी.

"ते सैतानाचं डबडं उंबऱ्याच्या आत नको."

"आई, एकदा ऐक तरी. परसातच वाजवतो."

"तुझ्या त्या जॅझनं कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात."

"थांबल्यात कुठं? तालावर घालतात!"

ती तोंड फिरवून हसायची. पण त्यानं काड्या उचलल्या की आत जाऊन दार लावून घ्यायची. अशी बारा वर्षं गेली.

मग एका मंगळवारी धक्क्यावर गठ्ठ्यांची थप्पी कोसळली. ऑनोरे तिच्याखाली सापडला.

आमच्याकडे मेलेल्या बँडवाल्याला कबरीपर्यंत बँडच पोचवतो. जाताना संथ भजनं. तेव्हा तारा आणि कातडं यांच्यामध्ये रुमाल कोंबून माझी वाचा बंद करतात. नुसतं ठक्, ठक्. माती पडली की रुमाल काढायचा आणि परतताना जॅझ वाजवायचं. तेव्हा कुठं मेलेला सुटतो.

ऑनोरेला ज्यानं शिकवलं तो थिओफिलकाका मला न्यायला आला. बाईनं त्याला दारातच अडवलं.

"भजनं वाजवा. माती पडली की गुपचूप परत यायचं. माझ्या पोराच्या मढ्यावर नाच नकोय."

"नाही वाजवणार, बाई. शब्द देतो."

त्यानं मनापासून शब्द दिला होता. पण हाताला चाळीस वर्षांची सवय. शवपेटीवर मातीचा आवाज झाला आणि काकाच्या बोटांनी रुमाल ओढला. मी कडाडलो. मागचा बँडही सवयीनंच उसळला. शब्द मोडल्याचं काकाला कळलं, हात मात्र थांबेनात.

बाई छत्री उगारून धावत आली. आणि जागीच थबकली.

"हे... हे तर माझं भजन आहे."

"तुझंच," काका वाजवता वाजवता म्हणाला. "तू चुलीवर गंबोचं कालवण ढवळताना गातेस ते. पोरानं ऐकून ऐकून बसवलं, आणि पळायला लावलं. नाचघरात रोज शेवटी हेच वाजवायचा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगणार कसं? तू ऐकत होतीस का? शिवाय मी वाजवतोय ते काही त्याच्यासारखं नव्हे. दुसऱ्या ओळीनंतर तू श्वास घेतेस ना, तिथं तो एक ठोका किंचित उशिरा टाकायचा. जमत नाही तो मला. कुणालाच जमत नाही."

बाई चिखलात मटकन खाली बसली. बँड तिच्याभोवती वाजत राहिला.

त्या दिवशी तिनं मला घरात नेलं, ऑनोरेच्या खाटेवर ठेवलं. पुढं चर्चचे कपडे घालून ती एकेका नाचघराच्या दाराशी उभी राहू लागली. साठाव्या वर्षी बाईला जॅझचं वेड लागलं. पाय आपोआप ताल धरायचे, डोळे गळायचे. कितीतरी चांगले वाजवणारे तिनं ऐकले. तो ठोका कुणाकडे नव्हता.

आता काकाही गेला. माझं कातडं सैल पडलंय, दोन तारा तुटल्यात. बाई खाटेशी बसून भजन गाते, दुसऱ्या ओळीनंतर थांबते आणि बोटानं माझ्यावर टकटक करते. कधी लवकर, कधी उशिरा. ठोका नेमका कुठं पडायचा ते मला ठाऊक आहे. पण मी ड्रम. हात असल्याशिवाय मला वाचा नाही.

तुमच्यापैकी कुणाला तो ठोका जमत असेल, तर लवकर या. तिचा श्वास आता दुसऱ्या ओळीपर्यंत जेमतेम पुरतो.