ताऱ्याभोवतीचं कडं

मी उजेडाची गाळणी बोलतेय. चहाची नव्हे. नाण्याएवढी काच, भोवती काळी चकती. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या मधोमध माझी जागा. तेजोमेघातला हायड्रोजन ज्या एका लाल रंगात उजळतो, तेवढाच मी आत सोडते. आमच्या बुलावायो शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे, शेजारच्या अंगणातला बल्ब, फार काय, चंद्रालाही दारातूनच परत पाठवते. म्हणून तर भर वस्तीतून तेजोमेघाचा फोटो निघतो. बाकी मला काहीच दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तेव्हा माझ्या साक्षीवर किती विसंबायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मला मेहलुलीने आणलं. तो सीमेपलीकडे जोहान्सबर्गला वेल्डिंग करायचा. सुट्टीला येताना इतर लोक तेल, साखर, पांघरुणं आणत. याने मला आणलं. त्याची बायको सेन्झेनी तेव्हा पोटुशी होती. बाळाला दुपटी नाहीत आणि आपण आभाळाला चष्मा घेतलाय, असं ती म्हणाली. तो नुसता हसला.

नवशिका होता. माझी आरशासारखी चकाकणारी बाजू आभाळाकडे हवी. त्याने मला उलटी बसवली. नौकातल तारकासमूहातला तेजोमेघ फोटोत उतरला खरा, पण मधल्या ठळक ताऱ्याभोवती एक फिकट कडं उमटलं. पुढच्या खेपेला बघतो, म्हणाला. पुढच्या खेपेला त्याची गाडी वाटेतच उलटली.

मातीला माणसं जमली, तेव्हा त्याच्या आईने तो फोटो पाहिला. कड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा माझा मेहलुली." तोवर तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, त्या दिवशी ती जेवली. तिचा समज कुणी खोडून काढला नाही. खरं कुणाला माहीतच नव्हतं.

वर्ष सरलं. गेलेल्याच्या वस्तू आप्तांत वाटायचा दिवस आला. कोट, बूट, हत्यारं, सगळ्यांचे धनी ठरले. दुर्बीण सेन्झेनीच्या धाकट्या दिराची. तो ती फ्रान्सिसटाउनला नेणार होता. नेण्याआधी एकदा दाखव मला माझ्या मेहलुलीला, एवढंच सासूबाईंनी सुनेला सांगितलं.

दुर्बीण नेण्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सेन्झेनीने लेकीला, थांडोला, पाठीशी बांधलं आणि मला पुसायला बाहेर काढलं. दुपारभर ती मोबाइलवर नवशिक्यांसाठीची माहिती वाचत होती. कडं का पडतं, हे आता तिला कळलं होतं. पोर गप्प होतं, म्हणून तिने दोनदा हात मागे नेऊन त्याचा श्वास चाचपला. रडलं तरी भीती, नाही रडलं तरी भीती. आई झाल्यापासून तिचं असंच.

सासूबाई स्टूल ओढून बसल्या. "थांडोची आई, आहे ना गं तो अजून?"

"बघू या, आई." तिने मला होती तशी, उलटीच बसवली.

फोटो उमटला. मग सासूबाईंनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांशी नेला.

"बारीक झालाय," त्या म्हणाल्या. "तिकडे मक्याच्या पिठाचं इसित्श्वाला कोण रांधून घालणार त्याला." आणि आपणहून जेवायला आत गेल्या.

सेन्झेनी तिथेच उभी राहिली. मग तिने मला काढलं, उलटवलं, सुलटी बसवली. जन्मात पहिल्यांदा मी माझं काम नीट केलं. वायूची एकेक बट सुटी दिसली, तारे टाचणीच्या टोकासारखे. कडं नव्हतं. जिथे ते असायचं, त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने तो फोटो पुसून टाकला.

दुर्बीण गेली. त्याआधी कुणाच्या नकळत तिने मला काढून घेतलं. आता मी थांडोला आखूड झालेल्या एका मोज्यात आहे. इथे तो लाल रंगही पोचत नाही. थांडो मोठी होईल, मला शोधून काढेल, कुठली बाजू आभाळाकडे म्हणून विचारेल. तिला खरं सांगा. पण आधी एकदा, एकदाच, उलटी लावू द्या. तिने बापाला पाहिलेलं नाही.