शेवटचा परिच्छेद

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती आपला मंच उघडून बसायची. घरकामाच्या अडचणी सोडवणारा ऑनलाइन मंच होता तो. ताई त्याची नुसती व्यवस्थापक नव्हे, सर्वेसर्वाच. दंडक तिनंच घालून दिला होता: उत्तर द्यायचं तर ऐसपैस द्यायचं. कुणी दोन ओळींत उरकलं की ती ते उत्तर उडवायची आणि वर सुनवायची, "एवढी घाई असेल तर लिहिता कशाला?" लांबी म्हणजेच जिव्हाळा, अशी तिची पक्की समजूत. वाहवा करणारे चार जण भेटले की असली समजूत कुणाची ढळते?

त्या दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. भाड्याची खोली सोडायची होती आणि न्हाणीघर डागांनी बरबटलेलं. ताईला तेच हवं होतं. तिनं डागांवरचा आपला सर्वांत गाजलेला लेख त्याला पाठवून दिला.

थोड्या वेळानं त्याच लेखाखाली कुणा नवख्यानं लिहिलं, "अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, हे सगळ्यात आधी सांगा. विषारी वायू होतो." ताईनं नाक मुरडलं. हे तिनं लिहिलंच होतं की, शेवटच्या परिच्छेदात, चांगलं सविस्तर! तिनं ते उत्तर उडवलं.

तेवढ्यात भावाचा निरोप आला. "पिवळ्या डागांना अ‍ॅसिड, काळ्यांना ब्लीच. कळलं. माझ्याकडे दोन्ही रंगांचे आहेत, दोन्ही ओततोय. पुढचं पुराण मग वाचतो."

ताईनं लगेच फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती. खोली बघायला तीच तर गेली होती त्याच्याबरोबर, आणि "स्वस्तात मिळतेय, घेऊन टाक," असंही तीच म्हणाली होती.

"मालक, मी येते," एवढं म्हणून ती दुकानातून पळत सुटली. बाजार ओलांडला की मागच्या गल्लीत त्याची खोली. पळता पळता तिला स्वतःचा लेख आठवत होता. आधी पिवळे डाग, मग काळे. मग आईच्या हातांच्या सालपटांची गोष्ट, मग जुन्या घरातली मोरी, मग ब्रश कुठला घ्यावा. आणि मग कुठे ती सूचना! जीव वाचवणारं एक वाक्य तिनं स्वतःच्या हातानं तळाशी पुरून ठेवलं होतं.

जिन्यातच खोकला ऐकू आला. खोकतोय म्हणजे जिवंत आहे! भाऊ दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. डोळे लालबुंद, तोंडातून लाळ गळतेय, श्वास घेताना छाती नुसती धपापतेय. आतून येणाऱ्या वासानं तिच्याही घशाला आग लागली. त्याला काखेत धरून तिनं खाली आणलं, मिळेल त्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला.

"दार उघडं होतं म्हणून बचावला," त्याला ऑक्सिजन लावत डॉक्टर म्हणाले. "कुणी सांगितलं हे उद्योग करायला?"

ताई तोंड उघडणार, तोच भावानं मास्क बाजूला केला. आवाज पार बसला होता त्याचा. "चूक माझीच आहे, डॉक्टर. ताईनं सगळं नीट लिहिलं होतं. मीच शेवटपर्यंत वाचलं नाही."

तो तिच्याकडे बघून हसायला गेला आणि खोकल्यानं दुमडला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याच्याकडे बघवेना, म्हणून लेख काढून टाकायला तिनं फोन उघडला.

लेखाखाली नुकतंच एका बाईंनी लिहिलं होतं. ताईला आवडावं तसंच, ऐसपैस. आधी कौतुक, मग त्यांच्या नव्या घराची हकीकत, मग मोरीचे हाल, आणि सगळ्यात शेवटी: "दोन्ही बाटल्या आणल्यात. लेख अर्धा झालाय, बाकीचा घासून झाल्यावर निवांत वाचते."

"थांबा! दोन्ही एकत्र करू नका!" ताईनं घाईघाईनं लिहिलं आणि ती पडद्याकडे बघत राहिली. शेजारच्या खाटेवर भाऊ खोकत होता.

"बाई, आहात ना?" तिनं पुन्हा लिहिलं.

पलीकडून काहीच आलं नाही.