वानवळ्याची मेथी

दुकानातलं फवारणीचं औषध मी परसात येऊ देत न्हाई, हे अख्ख्या राजुरीला ठाऊक. बचत गटात बायांना मीच ठणकावते, "पोराबाळांना विष खाऊ घालू नका गं!" मग मेथीवर माव्याची कीड पडली तर काय करणार? मिसरीची तंबाखू उकळली, गाळली आन् काल संध्याकाळी मारली मेथीवर. पानाचंच पाणी ते, त्यानं काय व्हतंय! शहाणी ना मी लई.

आज सकाळी मेथी कापली. नवी भाजी निघाली की वानवळा आधी शेजारी द्यायचा, आपल्या ताटात मागनं, ही माझ्या आईची रीत. एक जुडी साळुबाईला दिली, एक ठकूबाईला. आमी ह्या आळीत घर बांधलं तेव्हा आमा बौद्धांकडं कुणी पाणी बी पीत न्हवतं. साळुबाई आली, चुलीपाशी बसली आन् भाकर मागून खाल्ली. तवापासनं माझा जीव हाय तिच्यावर.

दुपारी आरडाओरडा ऐकून धावले. साळुबाई ओट्यावर घामाघूम, उलट्यांवर उलट्या, हात थरथरत्यात. कोवळी मेथी तिनं ठेचा-भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली व्हती. तिचा पोरगा संपत बायकोवर खेकसला, "समृद्धे, काय शिळंपाकं घातलंस आईला?" ती बिचारी रडाय लागली. मेथीनंच झालं हे मला कळलं व्हतं, तरी तोंड उघडलं न्हाई. गाडीत साळुबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले आन् गप! आग लागो माझ्या तोंडाला.

आळेफाट्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "फवारलेलं काही खाल्लंय का?"

"छ्या! मेथी द्रौपदामावशीची व्हती," संपत म्हणाला. "मावशी औषधाला हात लावत न्हाईत."

मेल्याहून मेल्यागत झालं मला. "तंबाखूचा काढा मारलाय मी," म्हणलं. "कालच. समृद्धीचा काय बी दोष न्हाई."

डॉक्टर खवळले. "झाडपाल्याचं म्हणजे विष नाही होय? तंबाखूचा काढा खायच्या भाजीवर मारायचाच नाही, बाई! निंबोळी अर्क मारला तरी काही दिवस थांबायचं, धुवून खायचं. आणखी कुणाला दिलीत?"

मी तिथनंच ठकूबाईला फोन लावला. "मेथी खाऊ नको गं! विष हाय त्यात! गुरांना बी घालू नको!"

"घाबरू नको, द्रौपदा," ती म्हणाली. "आमच्यात कुणी खाल्ली न्हाई. टाकून दिली मी."

"बरं झालं बाई! पण तुला कसं कळलं?"

"कळलं न्हाई गं. सासूबाईंना तुमच्या घरचं चालत न्हाई. दर बारीला टाकतेच मी. राग नको मानू."

राग कुठला? एक घर वाचलं म्हणून हायसंच वाटलं, आन् त्या हायसं वाटण्याची बी लाज वाटली. इतकी वर्षं निवडून निवडून जुड्या बांधल्या, त्या उकिरड्यावर गेल्या.

समृद्धी बाहेर आली. सलाईन लागलं व्हतं, साळुबाईनं डोळे उघडले व्हते. "मावशी, आत चला. आई तुमालाच बोलावत्यात."

अख्ख्या आळीत माझ्या हातचं खाणारी ती एकटी. मला आत पाऊल टाकवेना.