डावीकडची खिडकी

चांगदेवला विमानाची भीती वाटत होती आणि ऑपरेशनची त्याहून जास्त. हृदयाची झडप बदलायची होती, तीही मुंबईला. डॉक्टरांनी रेल्वेचे रात्रभराचे धक्के नको म्हटलं, म्हणून तिथं राहणाऱ्या त्याच्या मुलीनं, नंदिनीनं, विमानाचं तिकीट पाठवलं. तो कामाला होता ती कापडमिल बंद पडून वर्ष झालं आणि हा गडी निघाला हवाई जहाजानं! बडा गणपतीची अख्खी गल्ली सल्ले द्यायला जमली.

शेजारचा मनीष दोनदा उडून आलेला, म्हणजे जवळजवळ वैमानिकच. "काका, राइटची खिडकी मागा. लेफ्टला सकाळची धूप डोळ्यात जाते भिया. राइटला नर्मदा, फिर घाट, एकदम मस्त नजारा!"

नजारा गेला खड्ड्यात. परत येऊ की नाही, हाच चांगदेवपुढचा प्रश्न होता. बायकोपाशी, आनंदीपाशी, ते बोलायची सोय नव्हती. आठवडाभर ती बॅग भरत होती आणि खेकसत होती, "अहो, घाबरायला काय झालं? लोक रोज जातात." विमानतळाच्या दारात तर तिनं तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "विंडो सीट?"

"पोचवायला आलेले लोक गॅलरीत उभे राहतात, ते कुठल्या बाजूनं दिसतात?"

"लेफ्टनं. पण काका, व्ह्यू राइटचा चांगला आहे."

"लेफ्टच द्या."

त्यानं पट्टा आवळला. इंजिन गरजू लागलं. मिलच्या विणाई खात्यात अठ्ठावीस वर्षं अशाच गोंगाटात गेली होती. तिथं शब्द ऐकू येत नसत, हात बोलत. पुढं ऐकू कमी येऊ लागलं, तशा त्या खुणा घरी आनंदीही शिकली.

उन्हानं डोळे दिपले. मनीषचं खरं होतं. गॅलरीच्या कठड्याशी आनंदी उभी होती. तिनं छातीवर तळवा ठेवला, मग बोट समोर केलं. माग सोडून पाणी प्यायला निघालेल्याला शेजारचा विणकर हीच खूण करायचा: जा, तुझा साचा मी बघतो.

पण ती चांगदेवकडे बघत नव्हती. पहिल्या खिडकीला खूण केली, मग दुसरीला, मग तिसरीला. तो कुठं बसलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं. मध्येच थांबून तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणजे तीही घाबरलेलीच होती, आठवडाभर.

त्या खुणेला खात्यात एकच उत्तर असे. चांगदेवनं दोन बोटं काचेला टेकवली: दोन मिनिटांत आलो.

विमान हललं. आनंदी शेवटच्या खिडकीपर्यंत पोचली होती, आणि त्याची बोटं अजून काचेवरच होती.