गच्चीवरचे घरमालक

आमचे भाऊजी अनंतराव रेल्वेतून रिटायर झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी रायपूरला शंकर नगरच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. खाली पुढची खोली, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर आणखी दोन खोल्या, गच्चीवर अडगळीसाठी पत्र्याची एक. माझी ताई, शांताबाई, शाळेत मास्तरीण होती. तिचा सगळा संसार क्वार्टरात झालेला. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवत होते आणि ही स्वयंपाकघरात ओट्यावरून हात फिरवत उभी. मी म्हटलं, "ताई, ओटा कुठं पळून नाही चालला." तिला काय माहीत होतं, आणि मला तरी काय माहीत होतं!

वरच्या दोन खोल्या भाड्यानं गेल्या. त्या बांधल्याच त्यासाठी होत्या. पण पहिलं भाडं हातात पडलं आणि भाऊजींची नजरच फिरली. त्यांना घरात खोल्या दिसेनाशा झाल्या, रिकाम्या जागा दिसायला लागल्या. "ही खोली काहून रिकामी पडून राहिली?" असं ते पुढच्या खोलीबद्दल विचारायचे, तेव्हा मी तिथं सोफ्यावर बसून चहा पीत असायची. पुरानी बस्तीतून ऑटो करून आलेली मेव्हणी त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

मग पुढच्या खोलीत टॅक्सवाल्याचं ऑफिस आलं. स्कूटर ठेवायच्या जागेला शटर लागलं आणि तिथं मोबाइल दुरुस्तीवाला बसला. स्कूटर शेजाऱ्याच्या कडुलिंबाखाली गेली. शेवटी मागच्या दोन खोल्या स्वयंपाकघरासकट एका बँकवाल्या कुटुंबाला दिल्या, आणि एवढ्या मोठ्या घराचे मालक-मालकीण गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. रायपूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा! त्या खोलीत ताईचे पापड आतल्या आत वाळायचे. गॅस दारात, पाण्याची टाकी उशाशी, संडासाला जायचं तर अर्धा जिना उतरून.

आणि हा पैसा जायचा कुठं? अभनपूरकडच्या प्लॉटांत. एक झाला की दुसरा. दर दिवाळीला भाऊजी ताईला स्कूटरवर बसवून प्लॉट दाखवायला न्यायचे. चारही बाजूंना बाभळी, मधे चुन्याच्या रेघा. "कसं वाटून राहिलं?" ते छाती फुगवून विचारायचे. ताई म्हणायची, "ऊन लागून राहिलं."

तिनं मागितलं नाही असं नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा माझ्यासमोर म्हणाली, "मले काही सगळं घर नको. खाली एक खोली अन् माझा ओटा, बस्स."

"भाडेकरूले असं मधातच काढता येते का? जबान दिली आपण," भाऊजी म्हणाले. लग्नात बायकोला काही जबान दिली होती का, हे मी विचारलं, तर त्यांना एकदम टाकीतलं पाणी बघायचं आठवलं. त्यांच्या पोराला, सुशीलला, मी हैदराबादला फोन लावला. तो म्हणाला, "मौसी, पापा सही बोल रहे हैं. रेंटल इनकम अच्छी चीज़ है." फोनमधून हात घालून कानाखाली वाजवता येत नाही, हे फोनचं मोठंच वैगुण्य आहे.

मग बँकवाल्याची बदली झाली. ते लोक गेले त्या दुपारी ताई खाली उतरली आणि ओटा घासून घासून धुतला. संध्याकाळी तिला कळलं, की भाऊजींनी सकाळीच नीलकंठ दलालाला सांगून ठेवलंय: नवी पार्टी बघ.

मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली, मला सोबत घेतलं आणि नीलकंठच्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसली. "भैया, दो कमरे चाहिए, रसोई के साथ. नीचे के माले पर."

"किसके लिए, आंटी?"

"मेरे लिए."

नीलकंठ हसला. ताईनं पर्समधून आपल्या पेन्शनचे पैसे काढून टेबलावर ठेवले, तेव्हा त्याचं हसू थांबलं. दलालाला शेवटी दलाली कळते. त्यानं तिथूनच फोन लावला, "अंकल, पार्टी पक्की है. रिटायर्ड टीचर, अकेली, शाकाहारी, पेन्शनवाली."

"तुरंत लाओ!" भाऊजींचा आनंद फोनबाहेर आम्हालाही ऐकू आला.

फाटकातून नीलकंठच्या मागे बायको येताना पाहिली आणि भाऊजी चरकले. ताईनं पैसे पुढे केले. खरं सांगते, आम्हा दोघींना वाटलं होतं, आता हा माणूस लाजेल. पैसे परत करेल, किल्ली तिच्या हातात देईल आणि विषय संपेल. भाऊजींनी पैसे मोजून घेतले. मग म्हणाले, "अ‍ॅडव्हान्स दोन महिन्यांचा असते."

मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की मी चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ताईनं दिले दोन महिन्यांचे. स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला. भाऊजींनी आपल्याच बायकोच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागून घेतली. कायमचा पत्ता लिहायच्या जागी ताईनं त्याच घराचा पत्ता लिहिला, तरी त्यांना काही खटकलं नाही.

त्यांचा समज असा, की भाडंही मिळालं आणि आता आपणही खाली झोपणार. संध्याकाळी उशी काखेत मारून उतरले. ताई दारात उभी. "करारात एकच नाव आहे," ती म्हणाली, "एकट्या बाईसाठी घेतली जागा." उशी परत वर गेली. डबा मात्र ती दोन्ही वेळा वर पाठवायची. मी चिडले, "त्याचेही पैसे लाव!" तर म्हणाली, "मी काही घरमालक नाही, वनमाला."

अकरा महिने ती त्या घरात राहिली तशी आधी कधी राहिली नव्हती. खिडकीत तुळस आली, ओट्यावर बरण्या आल्या, जेवायला मैत्रिणी आल्या. महिन्याच्या महिन्याला भाडं चुकतं करायची. भाऊजी लोकांना सांगायचे, असा भाडेकरू नशिबानं मिळतो.

करार संपला त्या आठवड्यात ते खाली आले. मी तिथंच होते. त्यांनी दार वाजवलं, आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "शांते, एक कंपनीवाला पोट्टा तुझ्याहून जास्त देऊन राहिला. तू आता वर ये. दोघं मिळून राहू."

ताईनं कढईतली भाजी परतली. "येत नाही."

"असं कसं? घर माझं आहे!"

"तुमचंच आहे ना," ताई म्हणाली. "पण राहून मी राहिली."

हात धरून काढायची हिंमत नव्हती आणि कंपनीवाल्याला जबान देऊन बसले होते. मग नीलकंठला घेऊन वकिलाकडे गेले: भाडेकरू जागा खाली करत नाही. वकिलानं करार वाचला, नाव वाचलं, आडनाव वाचलं, चष्मा काढला. विचारलं, "ये किरायेदार आपकी लगती कौन हैं?"

भाऊजी म्हणाले, "पहले पत्नी थी."

हे नीलकंठनं मला हसत हसत सांगितलं. मी तडक शंकर नगरला गेले आणि जसंच्या तसं ताईला सांगितलं. तिनं तेलात जिरं टाकलं आणि म्हणाली, "बराबर बोलले."