खड्ड्यावरची फळी

नाटकांचे पडदे रंगवून पोट भरणाऱ्या त्या बाईला सध्या एकच ताप होता: आई दिवसभर घरात होती.

एरवी रोज दुपारी आई गल्लीच्या त्या टोकाला मैत्रिणीकडे पत्ते कुटायला जायची. मैत्रीण गुडघ्यांनी अधू, पण लबाडीत आईला तोडीस तोड. मग एक दिवस लाल हेल्मेटवाला स्कूटरस्वार आईच्या कोपराला घासून सुसाट गेला आणि आईने बाहेर पडणंच सोडलं. आता ती लेकीच्या मागे उभी राहून पडद्यावरच्या ढगांत चुका काढत राही. लेक वैतागली होती. पण आईचा उतरलेला चेहरा तिला बघवतही नव्हता.

रस्ता एकेरी. रविवारी उजाडताच लेकीने आईच्या हाती रंगाचा डबा दिला आणि गल्लीच्या अख्ख्या रुंदीभर खड्डा रंगवला. फुटलेल्या कडा, मातीचे थर, तळाशी गढूळ पाणी. पलीकडून पाहिलं तर नुसता लांबोडका डाग. येणाऱ्याला मात्र गाडीसकट गिळेल असा खोल. पहिल्याच गाडीवाल्याने कचकन ब्रेक मारला. लेक खिडकीत पोट धरधरून हसली.

"चल आई, रस्ता तुझा!"

आई पत्ते घेऊन ठसक्यात निघाली आणि काठाशी थबकली.

"अगं आई, रंगाचा डबा तूच धरला होतास ना?"

"माहितीये गं. पण पायांना कोण समजावणार?"

आईने हातातल्या काठीने टोचलं, टक्क वाजलं. तरी पाऊल उचलेना. लेकीने बाहेर येऊन खड्ड्यावर नाचून दाखवलं.

"तू नाच, बाई. तुझी हाडं तरणी आहेत."

लेकीने कपाळाला हात लावला. जिच्यासाठी गल्ली अडवली, तीच अडकली होती! ती तणतणत आत गेली, तपकिरी रंग घेऊन आली आणि खड्ड्यावर आडवी फळी रंगवली, खिळ्यांसकट.

रंग वाळल्यावर आईने फळीवर पाय ठेवला. इकडेतिकडे न बघता, जपून, ती पार झाली. मागे लाल हेल्मेटवाला येऊन थांबला होता.

"आजी, मी येऊ का फळीवरून?"

आईने त्याला नीट ओळखलं.

"ये, पण उतरून. गाडी हातात धर, हळू चाल. फळी जुनी आहे."

तो खाली उतरला आणि गाडी हातात धरून जपून फळीवर आला.